दोन फूट जागा

स्पीकर परत न्यायला निघालोय, असा भावेशचा फोन आला तेव्हा सुमनताईंचा हात मनगटापर्यंत त्याच स्पीकरच्या पाठीत होता.

पाठीला पेरूएवढं वाटोळं भोक होतं. मागे भिंत, मध्ये वीतभर अंधार. सिल्वासातल्या पालीला यापेक्षा चांगलं घर कोण देणार? ट्यूबलाइटमागची जाडी पाल सकाळपासून तिथेच घुटमळत होती. स्पीकर जायचे तर जावोत, पण आपल्या घरची पाल आत घालून पाठवली असं व्हायला नको. सुमनताईंनी हाताला लागले ते मोजे घेतले, घट्ट गुंडाळले आणि डाव्या स्पीकरमध्ये एक, उजव्यात एक असे दाबून बसवले. भावेश आला की काढून घेऊ.

सदाशिवराव तेव्हा गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. तिसऱ्यांदा.

भावेशचं किलवणी नाक्यावर दुकान. त्याने दोन जोड्या घरी वाजवून बघायला दिल्या होत्या, एक मोठी, एक छोटी. छोटीचं भोक पुढच्या अंगाला. ती भिंतीला चिकटवून ठेवली तरी गोड वाजत होती. सदाशिवरावांनाही ते मान्य होतं, आणि दुःख होतं ते तेवढंच. सरकारी क्वार्टरमध्ये उभी नोकरी शेजाऱ्यांच्या कानांचा विचार करत काढल्यावर त्यांना कमरेएवढे स्पीकर हवे होते. पाव ठेवायच्या डब्याएवढे नव्हे.

मोठ्या जोडीबद्दल भावेशने आधीच बजावलं होतं. "काका, याला पाठीमागून श्वास घ्यायला जागा जोईए. भिंतीपासून दोन फूट तरी."

त्या दोन फुटांत सुमनताईंचा झोपाळा होता.

"झोपाळा हलणार नाही," सुमनताईंनी झोके घेत सांगितलं होतं.

तेव्हा मोठी जोडी भिंतीला लागली, आणि तबला सुरू झाला की डग्गा ऐकू येण्याऐवजी शेजारी कोणीतरी सिमेंटची पोती उतरवतंय असं वाटायला लागलं. भिंतीपलीकडच्या मांडणीवरची परात साथ देत होती. सदाशिवरावांनी दोन दिवस तसंच ऐकलं, 'भरीव आहे, भरीव आहे' म्हणून पाहिलं आणि शेवटी भावेशला फोन केला.

भावेश आला तो चपला काढतानाच बोलत. "काकी, पाणी आपजो जरा. काका, मन छोटं नका करू. छोटी जोडी पण एकदम मस्त छे."

सुमनताई पाणी आणायला आत गेल्या, तेवढ्यात सदाशिवराव मोबाइल घेऊन उभे राहिले. "न्यायच्या आधी एकदा वाजवतो. शेवटचं."

"अहो, थांबा जरा," सुमनताई आतून म्हणाल्या.

"एवढंही नको का?" सदाशिवराव म्हणाले, आणि त्यांनी लावलं.

डग्गा वाजला. नुसता डग्गा. वाटोळा, ओला, तबलजीच्या तळहाताचा दाब कळावा असा. परात गप्प होती. सुमनताई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या आणि तशाच झोपाळ्यावर टेकल्या. झोपाळा हलला नाही.

भावेश वाकून जमिनीकडे बघत होता. "जागा बदलली?"

"एक बोटभरसुद्धा नाही."

"तो पछी शुं कर्युं?"

सदाशिवरावांनी काहीच केलं नव्हतं. पण शिक्षण खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला आपण काहीच केलेलं नाही हे समजावून सांगायची सवय असते. ते सावकाश खुर्चीत बसले.

"भिंतीला सवय व्हावी लागते, भावेश. नवीन साहेब आला की ऑफिस आधी दणाणतंच. दोन दिवस थांबायचं. मग बसतं आपोआप."

भावेशने मान डोलावली. हे आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं जाणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "काका, मने तर हे कंपनीवाल्याने पण नाही सांगितलं."

"कंपनीला काय कळतंय? त्यांची भिंत वेगळी."

सुमनताईंनी तोंड उघडलं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सदाशिवराव डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होते, आणि तो ठेका चक्क बरोबर पडत होता. सुमनताईंनी तांब्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

भावेश छोटी जोडी खोक्यात भरून घेऊन गेला. सदाशिवराव बराच वेळ हॉलमध्ये इकडून तिकडे फिरत ऐकत राहिले. मग त्यांना राहवेना. दमणगंगेच्या काठी त्यांची फिरणारी मंडळी जमली असणार, आणि भिंतीच्या सवयीबद्दल त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नसणार. त्यांनी घाईघाईने बूट बाहेर काढले. केतकीने, म्हणजे लेकीने, मनालीहून आणलेले लोकरीचे मोजे ते रोज बुटात घालत. सिल्वासात लोकर लागत नाही, पण लेकीने आणलेत.

"अगं, माझे मोजे कुठे आहेत?"

ट्यूबलाइटमागे पाल आपल्या जुन्या जागी येऊन बसली होती. सुमनताईंनी पायाने फरशीला रेटा दिला आणि झोपाळा दोन फूट मागे नेला.

"यापुढे चपलाच घालत जा," त्या म्हणाल्या.