टिटवी, बाहेर हो

“उद्याही काढणार,” गणिताचे सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आईच्या मस्तकात तिडीक गेली. ती पेट्रोल पंपावरून तशीच मुख्याध्यापिकांच्या खोलीत आली होती, अंगावर पंपाचा निळा गणवेश घालून. दिवसभर हॉर्न वाजवणाऱ्यांशी हुज्जत घालणारी बाई ती. एका मास्तराचं असं ऐकून घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

“ऐकलंत ना बाई?” ती मुख्याध्यापिकांना म्हणाली. “रोज गणिताच्या तासाला माझ्या लेकीला वर्गाबाहेर काढतात. काल काय, तर खोकली म्हणून. परवा पेनाचं टोपण पडलं म्हणून. सोमवारी तर टोपणही पडलं नव्हतं.”

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसला. ही बाई त्यांच्या चांगलीच लक्षात होती. शाळेत हुशार मुलांसाठी गणिताचा एक विशेष वर्ग होता. आजूबाजूच्या सगळ्या सरकारी शाळांतून परीक्षा घेऊन वीस मुलं निवडायची आणि त्यांना दोन इयत्ता पुढचं शिकवायचं. या बाईची मुलगी टिटवी त्या परीक्षेत एकविसावी आली. टिटवी हे तिचं खरं नाव नव्हे. प्रश्न विचारताना तिचं तोंड मिटत नसे, म्हणून वर्गाने ठेवलेलं. एक जागा वाढवा म्हणून आई तेव्हा याच खोलीत येऊन भांडली होती. खुर्ची मी घरून आणते, असंही म्हणाली होती. प्रश्न खुर्चीचा नाही, मंजुरीचा आहे, असं उत्तर मिळालं. त्यानंतर कितीतरी दिवस टिटवी जेवणापुरतंच तोंड उघडत होती.

“विशेष वर्गात घेतलं नाहीत, ते गिळलं मी,” आई म्हणाली. “आता साध्या वर्गातूनही हाकलता? मग पोरीने गणित शिकायचं तरी कुठे?”



“सर, यांनी तक्रार केली तर मला हे बंद करावं लागेल,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“करू देत. पण आधी उद्या एकदा या,” सर आईकडे वळून म्हणाले. “तुमची मुलगी बाहेर असते तिथे तिच्याजवळ उभ्या राहा. मग काय ती तक्रार करा.”

“येणारच. आणि चारचौघांत तुमची शोभा करून जाणार.”

घरी आईने टिटवीला खोदून खोदून विचारलं. “असू दे ना आई,” ती एवढंच म्हणाली, “बाहेर बरं असतं. वारा येतो.” आईला भडभडून आलं. कोणाच्या बापाला न भिणारी पोर आपण वाढवली आणि या मास्तराने तिला पार मुकी करून टाकली, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला तेव्हा ती बाह्या वर सारून व्हरांड्यात उभी होती. आतून सरांचा आवाज आला. “टिटवी, बाहेर हो.”

“सर, मी काय केलं?”

“हेच. उलट विचारलंस.”

वर्ग हसला. टिटवी वही-पेन्सिल घेऊन बाहेर आली. आई तरातरा दाराकडे निघाली, तोच टिटवीने तिचं कोपर धरलं, ओठांवर बोट ठेवलं आणि तिला ओढतच व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिथल्या खोलीचं दार बंद होतं. दाराशेजारच्या भिंतीतली हवेची झडप मात्र उघडी होती. टिटवी तिच्या खाली भिंतीला पाठ लावून बसली. तिथला रंग तेवढाच मळला होता.

“पहिलं उदाहरण रोज बुडतं,” ती पुटपुटली.

आतून कोणा वेगळ्याच शिक्षकाचा आवाज येत होता. “खोलीत दहा माणसं आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच हात मिळवला. एकूण किती वेळा हात मिळवले गेले?” कोणी शंभर म्हणालं, कोणी नव्वद. टिटवीने वहीत चार ओळी खरडल्या आणि खाली पंचेचाळीस लिहून वही आईसमोर धरली. बऱ्याच वेळाने आतले शिक्षक म्हणाले, “पंचेचाळीस.”

आईने दारावरची पाटी वाचली. विशेष वर्ग, गणित.

“सर म्हणतात, आत बसायला निवड व्हावी लागते, बाहेर उभं राहायला शिक्षा पुरते,” टिटवी कुजबुजली. “तुला मुद्दामच नाही सांगितलं. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.”

 आईला आनंद झाला, आणि त्याहून जास्त राग आला. चार आकडे शिकायला आपल्या पोरीला रोज गुन्हेगार व्हावं लागतं, याचा राग.

तेवढ्यात चपलांचा आवाज आला. टिटवी चटकन उठली आणि तिने वही पाठीमागे लपवली. मुख्याध्यापिका फेरीला निघाल्या होत्या.

“बघितलंत? आजही बाहेर!” त्यांनी टिटवीच्या वर्गाच्या दारावर टकटक करून सरांना बोलावलं. “बाई, तुम्ही नुसती तक्रार आहे म्हणा. आत्ताच्या आत्ता हे बंद करते. उद्यापासून ही पहिल्या बाकावर बसेल, आणि तास संपेपर्यंत जागची हलणार नाही.”

टिटवीचा चेहरा पांढराफटक पडला. सर हातात खडू घेऊन दारात उभे राहिले. 

“तक्रार आहे,” आई खणखणीत आवाजात म्हणाली. “माझी पोर फार वाह्यात आहे, सर. उद्यापासून घंटा झाल्या झाल्या तिला बाहेर काढत जा. तुम्हाला रोज पाच मिनिटं उशीर होतो.”