दोन बोटं जास्त

वडिलांनी केलेली चप्पल मूर्तीच्या टाचेमागे चांगली दोन बोटं उरली.

तिने पुन्हा घालून पाहिली. उरलीच. नुसत्या चालीवरून गिऱ्हाइकाचं माप सांगणारा माणूस, आणि चाळीस वर्षं एकाच पायाचं माप चुकवत होता? वडिलांना जाऊन जेमतेम महिना झाला होता. संतांच्या चपला आता तिनेच करायच्या होत्या.

"राहू दे गं," चर्चची झाडलोट करणारी आत्या म्हणाली. "संतांना ऐसपैस लागतं."

"लोक बाबांना हसतील, आत्या."

तिने मूर्तीच्या पायात चपखल बसेल असा जोड केला.

हे संत फार जुने. येशूचं नाव घेतलं तरी मुंडकं उडायचं, त्या काळातले. पहाटे आजाऱ्यांच्या दारी सूप ठेवायला अनवाणी जायचे. रक्ताळलेल्या पावलांचा माग काढत शिपाई आले. म्हणून गाव त्यांना दरवर्षी चपला घालतं. अजूनही कुणी आजारी पडलं की पहाटे उंबऱ्यावर गरम सूप असतं. संतांच्या दिवशी जुना जोड उतरवला की तळ झिजलेले निघत. वडील तो उंच धरत, मूर्तीला म्हणत, "यंदाही कामाला लावलंत की हो मला!" त्यांच्या खांद्यावर बसून ती खिदळत असे. तेव्हा तिथून सगळं चर्च दिसायचं.

वर्षभराने तिने स्वतः केलेला जोड उंच धरला. तळ कोरे करकरीत. एक ओरखडा नाही.



"संत रुसले," मागून कुणीतरी म्हणालं. वडिलांची चाळीस वर्षं आपण एका जोडात बुडवली, असं तिला वाटलं.

"रुसतील कशाला?" परवाच तापातून उठलेला न्हावी म्हणाला. "आठवडाभर सूप प्यायलोय मी. मीठ नेहमीसारखंच कमी!"

लोक हसले. ती हसली नाही. तिची नजर आत्याच्या पायांवर गेली होती. टाचांना भेगा, अंगठ्याचं नख काळंनिळं. मूर्तीच्या पावलांहून चांगली दोन बोटं लांब पावलं.

सगळे गेल्यावर तिने फरशीवर कागद पसरला आणि पेन्सिल काढली.

"ठेव पाय."

"अगं, माप संतांचं घ्यायचं असतं," आत्या पुटपुटली.

"तेच घेतेय."