काळी चार

व्यासपीठावर दोन पेट्या होत्या, एक तबला, एक डग्गा, तीन माइक आणि हरिहररावांचा हसरा फोटो. समोर साठ खुर्च्या. त्यातल्या अकरा भरल्या होत्या. श्रद्धांजली सभेला अजून तासभर अवकाश होता, आणि अनुपमाबाईंचा आवाज वरच्या षड्जावर तिसऱ्यांदा फुटला.

"बस," त्या म्हणाल्या. "मिट ती पेटी."

श्रावणीने भात्यावरचा हात काढला. ही पेटी अकोल्यातच भाड्याने घेतली होती. आजोबांची स्वतःची पेटी हार घालून फोटोखाली ठेवली होती. अमरावतीहून येताना गाडीतल्या सळईत अडकून तिचा भाता फाटला होता.

"काकू, दोन-तीन पट्ट्या खाली घेऊन पाहू का?" तबल्यावरचा भगवंत हळूच म्हणाला.

"खाली?" अनुपमाबाई वळल्या. "हे मला पाहायला आले तेव्हा मी काळी चारमध्ये गायले होते. गेल्या महिन्यापर्यंत तीच पट्टी होती. ते पेटी धरायचे, मी गायची. एकदाही अडले नाही. ते गेले आणि माझा गळा घेऊन गेले. आता गाणं बंद. आज नाही, घरीही नाही."

त्या उठल्या आणि खाली शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. श्रावणीने आजीला या सुरात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

सभा सुरू झाली. हरिहरराव पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या बाटल्या आणि पेटी घेऊन ते एसटीने खारपाणपट्ट्यातल्या गावांत जात. दुपारी विहिरींचे नमुने, संध्याकाळी भजन. त्या गावांतली माणसं आज आली होती. महादेवरावांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"आमच्या हिरीचं पाणी जहर खारं निंघालं. तं सर म्हणे, महादेवराव, आता घरवालीले सांगा, वरणात मीठ टाकाचं कामच नाही. सारं गाव हासलं. मंग त्याइनं आकडा वाचून दाखवला. म्या म्हटलं, सर, जरासा कमी लिवा ना. पोराची सोयरीक होऊन राहिली, पोरीवाले बिचकतीन. तं म्हणे, पोरीवाल्याइले मी गाणं म्हणून पटवतो, पण आकडा हाये तोच राहीन. मंग नळासाठी सालभर अर्ज लिवले, तवा गोडं पाणी आलं." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "लय मजाक्या माणूस. पण आकडा कधी लपवला नाही."

व्यासपीठाच्या मागे श्रावणी फोटोखालची पेटी पुढ्यात घेऊन मांडी घालून बसली होती. औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी तिने भात्याच्या फाटीवर आडवी-उभी लावली. भाता हलवून पाहिला. हवा धरत होता. ती शेवटच्या रांगेत गेली.

"आजी, आजोबांच्या पेटीवर एकदा."

"पेटी बदलली की गळा बदलतो का गं?"

"नाही बदलत. पण ती मुकीच परत न्यायची का?"

अनुपमाबाईंनी फोटोकडे पाहिलं. मग उठून व्यासपीठावर गेल्या.

"काळी चारच धर," बसता बसता त्या म्हणाल्या. "आणि हळू. त्यांनी फार जपलीय ती. दर दिवाळीत दार लावून साफ करायचे. मला आत येऊ देत नसत. म्हणायचे, ऑपरेशन चालू आहे, नातेवाइकांनी बाहेर थांबावं."

श्रावणीने सूर दिला. भगवंतने तबल्यावर बोट टाकलं आणि दचकला. दोन आवाजांचं जमत नव्हतं. त्याने हातोडी उचलली, तबल्याला कान लावला, पुन्हा पेटीचा सूर ऐकला. हातोडी हातातच राहिली.

"काकू, ही पेटी कोणी लावलेली?"

"आणखी कोण लावणार? ह्यांनीच."

"मग बरोबर आहे," भगवंत म्हणाला. त्याने हातोडी ठेवली आणि पिशवीतून दुसरा, मोठ्या तोंडाचा तबला काढला.

अनुपमाबाई गाऊ लागल्या. पहिल्या ओळीत आवाज थोडा कापला. अंतऱ्यात तो चढत गेला, वरच्या षड्जापाशी आला आणि तिथे जाऊन स्थिरावला. दुसऱ्यांदा त्या मुद्दाम तिथे गेल्या आणि डोळे मिटून थांबल्या. मागे कोणीतरी "वा!" म्हटलं. महादेवराव हात जोडून बसले होते.

गाणं संपल्यावर त्यांनी पदराने कपाळ टिपलं आणि भगवंतकडे पाहिलं.

"खाली घ्या म्हणत होतास!"

"चुकलंच माझं, काकू."

त्या हसल्या. महिनाभरात पहिल्यांदाच. "पुढच्या गुरुवारी अमरावतीला ये. तबला घेऊन ये."

लोक चहा आणि आलूबोंड्यांकडे वळले. व्यासपीठावर श्रावणी एकटी उरली. तिने पेटीचं वरचं झाकण उचललं. आत पितळी जिभांच्या रांगा होत्या. धुळीचा कण नव्हता. प्रत्येक जिभेच्या मोकळ्या टोकावर वितळवून लावलेल्या डाखाचा, सोल्डरचा, एक थेंब बसवलेला होता. तिने मोबाइलचा उजेड जवळ नेला. थेंब एक नव्हता, थरावर थर होते. तळाचे काळे पडलेले, सगळ्यांत वरचा अजून चकचकीत. टोकाचं वजन वाढलं की जीभ संथ हलते आणि सूर उतरतो, हे ती शाळेत असताना आजोबांनीच तिला शिकवलं होतं.

खालून आजीचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती, "अहो, शहात्तरावं लागलं, पण पट्टी तीच."

काळी चारचा सूर दोनशे आठ हर्ट्झचा असतो. श्रावणीने मोबाइलवर सूर मोजणारं ॲप उघडलं, ती पट्टी दाबली आणि मोबाइल जवळ धरला.

एकशे पंच्याहत्तर.