शिंप्याचा टेप आणि मुलीचे हेल्मेट

वाचकहो, एका शिंप्याच्या मनात हेल्मेटच्या दुकानात उत्पन्न झालेला संशय आणि त्या संशयाने घेतलेले वळण, एवढेच वृत्त मी येथे यथामती सादर करीत आहे.

दुकानदाराने मुलीच्या भुवयांच्या किंचित वरून टेप फिरवला आणि सांगितले, "सत्तावन्न."

"पुन्हा घ्या," शिंपी म्हणाला.

"काका, दोनदा घेतलं."

"तिसऱ्यांदा घ्या. माझी काही गाडी सुटत नाही."

मुलीला उद्यापासून हमरस्त्यावरच्या कारखान्यात कामावर रुजू व्हायचे होते. मोटारसायकल घराच्या दारात उभी होती. परंतु डोक्यावर नीट बसलेले हेल्मेट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज किल्ली देणार नाही, असे बापाने निक्षून सांगितले होते, आणि ती किल्ली या क्षणी त्याच्याच खिशात होती.

तिसऱ्यांदाही सत्तावन्नच भरले. तेव्हा शिंप्याने गळ्यातला स्वतःचा टेप काढला, सेंटिमीटरची बाजू वर घेतली आणि मुलीचे डोके मोजले. पंचावन्न. त्याच्या कपाळाला आठी पडली. याच टेपने त्याने वीस वर्षे लोकांची मापे घेतली होती आणि एकही कपडा माघारी आला नव्हता. शिवाय समोरच्या फळीवर मोठ्या मापांची हेल्मेटे धूळ खात पडलेली त्याने आल्याआल्याच हेरली होती.

"मोठा माल पडून राहिलाय वाटतं," तो सहज बोलल्यासारखे बोलला.

"माल नाही हो, डोकं बघून सांगतोय."

"डोकं माझ्या मुलीचं आहे. पंचावन्नचं काढा."

ते हेल्मेट मुलीने दोन्ही हातांनी ओढून कसेबसे बसवले. गाल वर सरकून तिचे डोळे बारीक झाले.

"कसं वाटतंय?"

"छान बसलंय, बाबा," ती म्हणाली. तिचे लक्ष बापाच्या खिशाकडे होते.

दुकानदाराने तिला पाच मिनिटे तशीच उभी ठेवली आणि मग हेल्मेट उतरवले. कपाळावर लाल वळ उमटला होता.

"हे घातलं तर ही अर्ध्या वाटेत काढून हँडलला अडकवील, काका. मग डोकं उघडंच."

"तुमचा टेप आटलेला असेल."

"किंवा तुमचा ताणलेला."

हे बोलणे शिंप्याच्या जिव्हारी लागले. "पोलादी पट्टी आहे?" त्याने विचारले.

दुकानदाराने खणातून पट्टी काढून दिली. शिंप्याने ती उलटसुलट करून पाहिली, अंगठ्याने तिची कड तपासली, आणि मग दोन्ही टेप तिच्या कडेला लावले. दुकानदाराच्या टेपवरचा तीस पट्टीवरच्या तिसाशी तंतोतंत जुळला. शिंप्याच्या टेपवर त्या जागी एकोणतीस होते.

शिंप्याने आपला टेप पुन्हा एकदा पट्टीला लावून पाहिला.

"मग आजवर शिवलेले कपडे?" मुलीने हळूच विचारले.

"अंगावर हाच टेप, कापडावरही हाच. चूक चुकीत खपून गेली. कळणार कोणाला?" शिंपी म्हणाला.

सत्तावन्नचे हेल्मेट त्याने स्वतः फळीवरून उतरवले. मुलीला घातले, हनुवटीखालचा पट्टा लावला आणि मागून वर ढकलून पाहिले. निघाले नाही. डावी-उजवीकडे हलवले, तर गालांची कातडीही सोबत हलली. तरीही त्याने आणखी एकदा ढकलले. मग किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"मागे कोणी बसणार आहे का?" दुकानदाराने विचारले.

"कोणी नाही," मुलगी म्हणाली.

"पहिला आठवडा मी बसणार. रस्त्याचा काय भरवसा."

"आणि दिवसभर तिथं काय करणार, बाबा?"

"फाटकाबाहेर बसेन."

शिंप्याने टोपी काढून काउंटरच्या काचेवर ठेवली आणि दुकानदारापुढे मान वाकवली.

"घ्या माप," तो म्हणाला. "तुमच्या टेपनं."

एवढे वाचण्याचे कष्ट घेतल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.
— निवृत्ती सखाराम बोऱ्हाडे