पलीकडचा बेड

शरदिनीनं दार न वाजवताच ढकललं आणि सासऱ्यांची चोरी पकडली.

वेणीमाधवशास्त्री पलंगावर मांडी घालून बसले होते. एक नाकपुडी अंगठ्यानं दाबलेली, डोळे मिटलेले, छाती भात्यासारखी खालीवर. गेले तीन दिवस ती ऑक्सिमीटर घेऊन आली की "थांब गं, आचमन करून घेतो" म्हणून ते दार लोटून घ्यायचे आणि मग बोट पुढं करायचे. पंचाण्णव. शहाण्णव. आठ दिवस तापानं फणफणलेला, सत्तरी उलटलेला माणूस, आणि आकडा असा की डॉक्टरही फोनवर खूश. आणि या सूनबाई तो आकडा वहीत लिहून देवापुढं साखर ठेवत होत्या.

आज सकाळपासून मात्र तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. आबांची उभी हयात वेदांचा घनपाठ म्हणण्यात गेलेली. भलत्या जागी श्वास तोडला म्हणून शिष्यांना उठाबशा काढायला लावणारा माणूस, आणि सकाळी संध्या करताना एका ओळीत तीनदा थांबला होता. ते तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

"आबा, प्राणायाम बंद. बोट द्या आणि मंत्र म्हणा. कुठलाही."

ते म्हणू लागले. आकडा एकेक पायरी उतरला. त्र्याण्णव, नव्वद, शहाऐंशी. नखं जांभळट झालेली, आणि चेहऱ्यावर त्रासाचं नाव नाही. शरदिनीला रागच आला. रागाहून जास्त भीती वाटली.

"फसवलंत मला."

"फसवलं," ते सरळ म्हणाले. "बेड मिळाला तर रामनगरलाच मिळेल, असं निमिष तुला फोनवर सांगत होता. ऐकलं मी. गंगेच्या पलीकडं मरण आलं तर माणूस गाढवाच्या जन्माला जातो. सहा पिढ्या आपण काशीत राहिलो त्या काय याच्यासाठी? मी नाही येणार."

तिनं बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला. निमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला असणार, ते म्हणाले. ऑक्सिजन लागेल, स्टेरॉइड लागेल, घरी जमायचं नाही. नेईपर्यंत पालथं झोपवा. मग नवऱ्याला लावला. निमिष रेल्वेत, नोकरी पलीकडच्याच काठावर. "रामनगरला बेड मिळालाय. तासाभरात आण," तो म्हणाला, "मी हॉस्पिटलच्या दारात उभा राहून धरून ठेवतो."

शरदिनी आत गेली. "आबा, इथंच लंका चौकात बेड मिळाला. विद्यापीठाजवळ. नदी ओलांडायची नाही."

लग्न होऊन एकवीस वर्षं झाली, त्यांच्याशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"लंकेपर्यंत येतो," ते म्हणाले.

दूधविनायकाच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरत नाही. पांढऱ्या किटमधल्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून मैदागिनच्या चौकापर्यंत आणलं. शरदिनी पुढं पळाली आणि ड्रायव्हरच्या कानाशी लागली. "भैया, रामनगर का नाम मत लीजिएगा." त्यानं मान हलवली.

आत आबा पालथे. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, गाल उशीवर, नजरेसमोर फक्त गाडीचा पत्रा. पालथं झोपवल्यानं आपलं खोटं सोपं झालं, हे तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच शरम वाटली. पण आता थांबून चालणार नव्हतं. ती बोलत सुटली.

"गोदौलिया आलं, आबा. चिटपाखरू नाही रस्त्यावर... सोनारपुरा आलं बघा. ते मिठाईचं दुकान बंदच आहे."

खिडकीबाहेर राजघाट होता, लंकेच्या अगदी उलट दिशेला.

गाडी गंगेवरच्या पुलावर चढली. वर रस्ता, खाली रेल्वे, असा तो लोखंडी पूल. तिनं आवाज चढवला. "अस्सी आली. आता पाचच मिनिटं." आणि नेमकी तेव्हाच खालून मालगाडी शिरली. सगळा पूल थरथरला, स्ट्रेचर खडखडलं, सलाइनचा हूक वाजायला लागला. शरदिनी तरीही बोलत राहिली. मालगाडी संपता संपेना.

आबांचा हात मास्ककडे गेला. आता हे ओढून काढतात, म्हणून तिनं मनगट धरलं. त्यांनी मास्क बोटभरच बाजूला केला.

"अस्सीवर... रेल्वे कधी आली गं?"

"आबा, पाया पडते तुमच्या. मास्क लावा."

"मी तुला तीन दिवस फसवलं," ते म्हणाले. शब्दाशब्दाला दम तुटत होता. "तू मला... तासभर. फिट्टंफाट."

तिला रडू फुटलं. त्यांनी मास्क पुन्हा नाकावर घेतला, दोन श्वास ओढले आणि परत बाजूला केला.

"आणताना मात्र उताणा आण. पुलावरून गंगा दिसली पाहिजे."

घाटावर उताणं निजवून कुणाला आणतात, ते या गावात कुणाला सांगावं लागत नाही. शरदिनीनं डोळे पुसले, मास्क नीट बसवला आणि त्याचं इलास्टिक त्यांच्या कानामागं घट्ट अडकवलं.

"उताणं कशाला?" ती म्हणाली. "बसवून आणीन. खिडकीशी."