बडग्याचा दुपट्टा

गॅस मिळणार नाही अशी आवई उठली आणि सिलेंडरसाठी झुंबड उडाली. भारतीचा नेमका तेव्हाच संपला. "माह्याजवळ एकही नाही वं," म्हणत शेजारच्या ईश्वरदासकाकांनी तिला दारातूनच परतवलं. आठवडाभर ती ओल्या लाकडांच्या धुरात लेकराचं दूध तापवत होती. मारबतीच्या मिरवणुकीत मिरवून जाळायला मोहल्ल्यानं यंदा साठेबाजाचा बडग्या, म्हणजे पुतळा, बांधायला घेतला. शिव्या घालण्यात काकाच पुढे! "पुतळ्यात भरायले जुने कपडे माह्या माडीवरून आण वं," ते जोशात भारतीला बोलून गेले. माडीवर भारतीनं विटकी चादर ओढली, तर भरलेल्या सिलेंडरांची रांग! तळपायाची आग मस्तकात गेली. खुंटीवरचा काकांचा चौकड्यांचा दुपट्टा आणून तिनं सगळ्यांदेखत बडग्याच्या गळ्यात बांधला. "माहा दुपट्टा काहून वं?" काका चरकले. "साठेबाज ओळखू यायले नको?" ती कडाडली. "आता पोटात भरायले तुमच्या माडीवरचे सिलेंडर आणू काय?"