हक्काची घूस

"हत्ती घेऊ या?" हेमांगीनं विचारलं.

"गेला. साप, खेकडा, पेंग्विन, सगळ्यांवर कुणाचा ना कुणाचा ट्रेडमार्क आहे," वकील दामलेकाका लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले.

मराठीतून प्रोग्रॅम लिहायची भाषा बनवणारी ही मंडळी कित्येक महिने शुभंकर प्राण्यापाशी अडून बसली होती. त्यांच्या भाषेत बेरीज अजून चुकत होती, पण त्याची घाई कुणालाच नव्हती. शेवटी हेमांगी वैतागली आणि तिच्या परसातलं अळू मुळासकट फस्त करणारीचं नाव तिनं पुढे केलं. घूस! हिच्यावर हक्क सांगायला कोण येणार?

काकांनी जंग जंग पछाडलं. खरंच कुणी आलं नव्हतं. लगेच टाळ्या पडल्या आणि मऊ कापडाच्या मिशाळ घुशी शिवायला टाकल्या.

उद्घाटनाला मंत्रालयातून मोठे साहेब आले. अनुदानाची फाईल त्यांच्याच टेबलावर अडकली होती. हेमांगी हातात माईक घेऊन, रंगीत कागदात गुंडाळलेलं खोकं सांभाळत त्यांच्यापाशी गेली. "आपली फाईल लवकर पुढे सरकावी, या सदिच्छेसह आम्हा सर्वांतर्फे साहेबांना ही प्रेमाची घूस!"

दामलेकाकांनी कपाळावर हात मारला. आपण काय बोललो, ते हेमांगीच्या तेव्हा लक्षात आलं. माईक बंद करायचं मात्र राहून गेलं.

साहेब तिच्याकडे झुकून कुजबुजले, "अहो मॅडम, चारचौघांत कशाला? घरी पाठवायची ना!"